दूध बिलावर घर, ऊस बिलावर कर्ज

सांगली जिल्ह्याच्या वाळवा, पलूस, कडेगाव या पट्ट्यातल्या घरांत पैसा एक तारखेला येत नाही. दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं, मजुरी बाजाराच्या दिवशी हातात पडते, उसाचं बिल तोड झाल्यावर हप्त्याहप्त्यानं येतं. तासगाव-मिरजेकडं बेदाण्याचा सौदा झाला की एकदम मोठी रक्कम येते. खर्च मात्र रोजचा. या दोन्हींच्या मधल्या फटीतून उधारी घरात शिरते. म्हणून 'पगाराचे इतके टक्के बाजूला काढा' हा सल्ला इथं उपयोगी पडत नाही. इथं चालणारा नियम असा: घर दूध बिलावर आणि मजुरीवर चालवायचं, उसाच्या बिलाला घरखर्चाचा हात लागू द्यायचा नाही. दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. वाचवलेला रुपया त्याच दिवशी सगळ्यांत महाग कर्जावर पडला तरच ती बचत. डब्यात किंवा खात्यात नुसता पडून राहिलेला रुपया आठवडाभरात कुठल्या तरी खर्चात मुरतो.

आधी सगळी देणी एका पानावर

दोनशे पानी वही घ्या आणि पहिल्या पानावर घरातल्या प्रत्येकाचं देणं लिहा. नवऱ्याचं एका वहीत, बायकोचं गटाच्या पासबुकात आणि मुलाचं मोबाईलमध्ये, असं राहिलं तर हिशेब कधीच लागत नाही. पाच रकाने पाडा: कुणाचं, मुद्दल किती उरलं, वर्षाला व्याज किती टक्के, पुढची तारीख, आणि तारीख चुकली तर काय होतं.

व्याज वर्षाच्या दरानंच लिहा. 'शेकडा तीन' ऐकायला किरकोळ वाटतं, पण ते महिन्याचं असतं, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. बचत गटाचं अंतर्गत कर्ज शेकडा दोननं असेल तर वर्षाला २४. फायनान्सवाला '१२ टक्के फ्लॅट' म्हणाला तर ते १२ नसतात. ४०,००० रुपये दोन वर्षांसाठी १२ टक्के फ्लॅटनं घेतले तर व्याज ९,६०० आणि महिन्याचा हप्ता सुमारे २,०६७ बसतो. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण ४०,००० वर लागलेलं असतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना किरकोळ मुदत कर्जाबरोबर अटींचं थोडक्यात पत्रक द्यावं लागतं, आणि त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. वहीत तो आकडा उतरवा.

काही देणी लोक कर्ज म्हणून मोजतच नाहीत, तीही लिहा. किराणा दुकानातली वही. कृषी केंद्रातली खता-औषधांची उधारी. तिथं रोखीचा आणि उधारीचा असे दोन भाव विचारा. रोखीनं १०,००० चा माल चार महिन्यांच्या उधारीवर १०,६०० ला पडत असेल तर ते वर्षाला १८ टक्के झाले. भिशी तुम्ही आधीच उचलली असेल तर उरलेले सगळे हप्ते हे कर्जच आहे. ज्या कर्जांना तुम्ही जामीन आहात ती त्याच पानाच्या तळाशी वेगळी लिहा. कर्जदारानं हात वर केले तर वसुली पूर्ण रकमेसाठी जामीनदाराकडं येऊ शकते, अर्ध्यासाठी नाही.

कोणतं आधी फेडायचं

समजा घरात ही देणी आहेत. गावच्या विकास सोसायटीचं पीक कर्ज ९०,०००. सोनेतारण ६०,०००, वर्षाला १२ टक्के. बचत गटाचं ३०,०००, शेकडा दोननं. हातउसने २०,०००, शेकडा तीननं. आता शेवटच्या तिघांचं या महिन्याचं व्याज काढा: तिन्हीकडं बरोबर ६०० रुपये. पण सोन्याचे सहाशे थांबवायला ६०,००० लागतात, गटाचे थांबवायला ३०,००० आणि हातउसन्याचे थांबवायला फक्त २०,०००. म्हणून आधी हातउसने, मग गट, मग सोनं. सोनं गहाण आहे याची टोचणी जास्त लागते, म्हणून बहुतेक घरं आधी सोन्याकडं धावतात. मन तिकडं ओढतं, पण तीच रक्कम हातउसन्यावर टाकली तर तिप्पट व्याज थांबतं.

या क्रमाच्या वर एकच गोष्ट येते, सोसायटीची तारीख. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राच्या सवलतीला राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेची जोड मिळून शेतकऱ्यावरचं व्याज शून्यावर येतं. एक दिवस उशीर झाला तरी सवलत जाण्याची पाळी येते. त्यामुळं मुदतीची नेमकी तारीख सचिवांकडून लिहून घ्या आणि ती वहीच्या पहिल्या ओळीत टाका.

बाकी सगळ्यांचा ठरलेला हप्ता किंवा निदान व्याज भरत राहायचं आणि जादा पैसा एकाच ठिकाणी टाकायचा. सगळ्यांना थोडं थोडं वाटलं तर एकही संपत नाही. वीस हजारांच्या हातउसन्यावर महिना १,००० भरले तर ते फिटायला ३१ महिने लागतात आणि सुमारे ११,००० व्याज जातं. महिना २,५०० भरले तर दहाव्या महिन्यात संपतं आणि व्याज सव्वातीन हजारांच्या आत राहतं. घेतलेले पैसे तेवढेच, माणूसही तोच. फरक फक्त जादा पैसा एका जागी पडला याचा. ते संपलं की तिथला पूर्ण हप्ता गटाच्या कर्जावर सरकवा, तो घरखर्चात परत येऊ देऊ नका.

हातउसने देणारा 'मुद्दल द्यायचं तर एकदम द्या' म्हणतो तेव्हा हे गणित अडतं. निम्मं मुद्दल घ्यायची विनंती करून बघा. बहुतेक जण दहा हजार रोख समोर दिसल्यावर घेतात, आणि त्या दिवसापासून व्याजही निम्मं होतं. तोपर्यंतची जमा यूपीआय न जोडलेल्या, एटीएम कार्ड घरी ठेवलेल्या खात्यात टाका.

कमी व्याजाचं कर्ज काढून जास्त व्याजाचं फेडणं बरोबर आहे, एका अटीवर. वीस हजारांचं हातउसनं सोनेतारणावर वळवलं तर महिन्याचं व्याज ६०० वरून २०० वर येतं. वाचलेले ४०० त्याच दिवसापासून सोन्याच्या मुद्दलावर पडले पाहिजेत. सोनेतारणाची मुदत बहुधा वर्षाची असते. वर्षभर काहीच न भरता शेवटी व्याजासह एकदम भरायचं असा पर्याय घेतला तर मुदत टळते आणि दागिना लिलावाला जातो. म्हणून दर महिन्याला व्याज भरून पावती घ्या. फायनान्सचं कर्ज फेडायला दुसऱ्या फायनान्सचं गट कर्ज घेणं मात्र कधीच नको. तिथं दर खाली येत नाही, फक्त साप्ताहिक हप्ते दोन होतात.

सूक्ष्म कर्जाबद्दल रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम माहीत असू द्या. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला हे कर्ज तारणाशिवाय मिळतं. घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड लागत नाही. वसुलीवाल्यांनी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर येणं किंवा फोन करणं नियमात बसत नाही.

'नवं-जुनं' करण्यात जाणारे पैसे

सोसायटीचं कर्ज शून्य टक्क्याचं म्हणतात, तरी पुष्कळ घरांना ते महागात पडतं. कारण मुदत आली की एक लाख रुपये आठ-पंधरा दिवसांसाठी बाहेरून शेकडा तीननं उचलतात, सोसायटीत भरतात, नवं कर्ज मंजूर झालं की बाहेरचे परत करतात. वापर आठ दिवसांचा असला तरी व्याज पूर्ण महिन्याचं घेतात: ३,००० रुपये. मंजुरीला महिना उलटला तर ६,०००. आणि मुद्दल जिथल्या तिथं.

यातून सुटायची वाट हळूहळूच सापडते. ज्यांचा ऊस कारखान्याला जातो त्यांची सोसायटीची वसुली बिलातूनच कापली जाते. तेव्हा ऊस जायच्या आधी कपात किती आणि हातात किती येईल हे लिहून ठेवा, एकूण बिलावर मनसुबे रचू नका. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान दरानं होणारी रक्कम, मिळायला हवी आणि उशीर झाल्यास १५ टक्के व्याज देय होतं. तरी घराचं गणित मांडताना बिल उशिरा येईल असंच धरा. नवं कर्ज उचलताना दर वर्षी २०,००० कमी उचला. एक लाखाचं कर्ज पाच वर्षांत शून्यावर येतं आणि दर वर्षीचा नव्या-जुन्याचा खर्चही तीन हजारांवरून २,४००, १,८०० असा उतरत जातो. पात्रता वाढली म्हणून वाढीव कर्ज उचलणं ही या भागातली सगळ्यांत मोठी चूक आहे.

ज्यांना मधल्या काळात बाहेरून पैसे घ्यावेच लागतात त्यांनी कायदा लक्षात ठेवावा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली परवाना असलेल्या सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्के, इतरांकडून १५ आणि १८ टक्के इतकाच दर घेता येतो. व्याजावर व्याज लावता येत नाही आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. म्हणजे शेकडा तीन हा दर कुठल्याच खान्यात बसत नाही. कोरे चेक, कोऱ्या स्टॅम्पवर सह्या किंवा जमिनीचं 'नावापुरतं' खरेदीखत कुणी मागत असेल तर देऊ नका. दिलं असेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं तक्रार करता येते. सावकारीत गेलेली जमीन १५ वर्षांच्या आतल्या व्यवहारासाठी परत मिळवण्याची तरतूदही या कायद्यात आहे.

दहा दिवसांचा हिशेब

पेंड आणि दवाखाना कापून दुधाचं निव्वळ बिल ६,००० येतं असं धरा. बिल आलं त्याच दिवशी तीन वाटे करा: ३,९०० घरखर्च, १,२५० वर्षाच्या मोठ्या खर्चांसाठी, ८५० कर्जावर. महिन्याला तीन बिलं, म्हणजे कर्जावर २,५५० पडतात, वरच्या दहा महिन्यांच्या गणिताला पुरेसे. वाटे आधी करायचे. खर्च करून उरलेलं कर्जावर टाकू म्हटलं तर काहीच उरत नाही.

एक गोष्ट विसरली जाते, भाकड काळ. गाय व्यायच्या आधी निदान दोन महिने आटवावी लागते, म्हैस त्याहून जास्त काळ कोरडी राहते. एकाच जनावरावर घर असेल तर दुधाच्या दिवसांतलं बिल पूर्ण वापरू नका. बारा महिन्यांचा घरखर्च दहा महिन्यांच्या बिलातून निघेल असा वाटा ठरवा. दोन जनावरं असतील तर ती एकाच वेळी आटणार नाहीत असं भरवण्याचं वेळापत्रक ठेवा.

वर्षाचा वाटा १,२५० कसा आला ते सांगायला हवं, कारण घरं इथंच मोडतात. जूनमध्ये शाळा ९,०००, गणपती ३,०००, दिवाळी ८,०००, गावची जत्रा १०,०००, लग्नसराईतले आहेर आणि जाणं-येणं ८,०००, घरपट्टी-पाणीपट्टी ३,०००, गाडीचा विमा आणि दुरुस्ती ४,०००. बेरीज ४५,०००, महिन्याला ३,७५०, दहा दिवसांना १,२५०. तुमचे आकडे वेगळे असतील, पण बेरीज करा. जत्रा दर वर्षी त्याच तिथीला येते, तरी दर वर्षी ती 'अचानक' आल्यासारखी उसन्यावर निघते. पाव्हण्यांचं ताट कमी करू नये, ते आपल्याकडं शोभतही नाही. पण किती ताटं वाढायची आणि मटण किती किलो आणायचं हे जत्रेच्या महिनाभर आधी वहीत लिहिलेलं असावं.

कर्जावर जादा पैसे टाकायला लागण्याआधी ५,००० रुपये हाताशी ठेवा. हे पाच हजार नसतील तर पोराला ताप आला की परत शेकडा तीनचं दार ठोठवावं लागतं आणि सहा महिन्यांची मेहनत पाण्यात जाते.

लाडकी बहीणचे महिन्याचे १,५०० आणि पीएम किसानचे वर्षाला २,००० च्या तीन हप्त्यांत येणारे ६,००० ज्या घरात येतात, त्यांनी ते घरखर्चाच्या हिशेबात धरूच नयेत. पंधराशे रुपये थेट गटाच्या कर्जावर पडले तर वर्षाला अठरा हजार होतात. मात्र तो पैसा ज्या बाईच्या खात्यावर येतो, निर्णयही तिनंच घ्यावा आणि आधी तिच्या नावावरचं कर्ज फिटावं.

स्वयंपाकघर

इथं मुरलेली बाई एकटी महिन्याला हजार-दीड हजार वाचवू शकते, म्हणून जरा सविस्तर.

चार मोठ्या माणसांना महिन्याला साधारण ४० किलो धान्य लागतं. प्राधान्य गटातल्या रेशन कार्डावर माणशी ५ किलो मोफत मिळतं, म्हणजे २० किलो. उरले महिन्याला २०, वर्षाला २४० किलो. रेशनचं ई-केवायसी घरातल्या प्रत्येकाचं झालं आहे का हे बघा. एक नाव गळलं तर वर्षाला ६० किलो गेले.

शाळू फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि गहू मार्च-एप्रिलमध्ये घ्यावा, हे सगळ्यांना माहीत आहे. जतकडचा शाळू थेट शेतकऱ्याकडून पोत्यानं घेतला तर दुकानापेक्षा स्वस्त पडतो. पण शेकडा तीनचं कर्ज डोक्यावर असताना वर्षाचं धान्य भरू नका. १०,००० चं धान्य सहा महिने कोठीत ठेवलं तर तेवढ्या काळात त्या दहा हजारांवर १,८०० व्याज गेलं. भाव तेवढा चढेल याची खात्री नसते. अशा वर्षी दोन महिन्यांपुरतं घ्या आणि उरलेली रक्कम कर्जावर टाका. महागडं कर्ज फिटल्यावर पुढच्या वर्षी कोठी भरा.

भरताना धान्य दोन-तीन कडक उन्हं दाखवा. दाणा दाताखाली कट्ट वाजून फुटला पाहिजे, दबला तर ओल आहे. गरम धान्य लगेच कोठीत भरू नका. आत वाफ धरून घाम सुटतो आणि बुरशी येते. रात्रभर चादरीवर पसरून थंड झाल्यावर सकाळी भरा. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला तळाला, मध्ये आणि वर घाला. कोठी लाकडी पाटावर आणि भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. तूर, हरभरा यांना किलोमागं चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिली एरंडेल किंवा गोडंतेल चोळलं तर भुंग्याची अंडी टिकत नाहीत. वापरायच्या आधी धुवायचं. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या राहत्या घरात कधीही वापरू नका. त्यांच्या वायूनं झोपेत माणसं दगावतात.

पीठ आठ-दहा दिवसांचंच दळून आणा. ज्वारी-बाजरीचं पीठ कडू होतं, पावसाळ्यात लवकर, आणि मग ते म्हशीच्या घमेल्यात जातं.

तेल माणशी महिना अर्धा किलो पुरे, चार जणांना दोन किलो. महिन्याचं तेल एका किटलीत काढा आणि महिनाभर तीच. खरेदी करताना डब्यावर '१५ किलो' आहे की '१५ लिटर' ते वाचा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे १५ लिटरचा डबा १३ किलो ६५० ग्रॅमच्या आसपास. दोन्ही डबे दिसायला सारखे आणि भावात थोडासाच फरक असतो. त्यात किलोमागं किती पडलं ते मोजूनच घ्या.

चटणी घरचीच. मिरची मार्च-एप्रिलमध्ये घ्यावी, देठ काढून कडक वाळवावी आणि डंकावर कुटून आणावी. चार-पाच माणसांच्या घराला तीन-चार किलो मिरचीची चटणी वर्षभर पुरते. कांदा-लसूण पूर्ण परतून पाणी आटलेलं नसेल तर पावसाळ्यात चटणीला बुरशी धरते. शंका असेल तर कोरडीच कुटून ठेवा आणि कांदा-लसूण दोन महिन्यांपुरत्याच भागात मिसळा. हळदीची तर आपलीच पेठ आहे. हंगामात किलोभर हळकुंडं आणून दळली की वर्षाची सोय होते.

किराणा उधारीची वही बंद करणं हे खरं काम. उधारीच्या दुकानात भाव विचारता येत नाही आणि माल निवडता येत नाही. जुनी बाकी गोठवा, दुकानदाराला सांगून दर बिलातून ठरावीक रक्कम द्या, आणि नवी खरेदी त्याच दुकानातून पण रोखीनं करा. रोखीचं गिऱ्हाईक झालं की भाव आपोआप बदलतो. तीन-चार शेजारणींनी मिळून डाळ, साखर, साबण, चहा पत्ती सांगलीच्या गणपती पेठेतून पोत्यानं-पेटीनं आणली तर आणखी वाचतं, पण जाण्या-येण्याचा खर्च वजा करून बघा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत. मोटरसायकलवर तीस किलोमीटरची चक्कर साठ-पासष्ट रुपयांचं पेट्रोल खाते.

माळवं बाजार उठताना घ्या. शेवगा, आळू, कढीपत्ता हे परड्यात भांडी धुतलेल्या पाण्यावर येतात, त्यांना पैसे देऊ नयेत.

गॅस आणि वीज

सिलिंडर लावल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. आत १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं. घेताना वजन करून मागायचा हक्क तुमचा आहे. हरभरा, मटकी आठ तास भिजवा, पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा. आंघोळीचं पाणी गॅसवर कधीच नको. बंबात चिपाडं, कणसांची बुरकुंडं, वाळका पालापाचोळा चालतो.

विजेचे टप्पे ०-१००, १०१-३००, ३०१-५०० असे आहेत आणि शंभरच्या पुढचं युनिट जवळजवळ दुप्पट दरानं पडतं. म्हणून १२० युनिटवरून १०० वर येणं हे वीस युनिटपेक्षा मोठं आहे. जुना ७५ वॉटचा पंखा रोज १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिट घेतो, ३० वॉटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारा पंखा ११ च्या आत. सगळ्यांत जास्त चालणारा एकच पंखा बदला, तोही रोखीनं. बिलावर छापलेल्या तत्पर भरण्याच्या तारखेआधी भरलं तर १ टक्का सूट मिळते.

आजारपण

फेडत आणलेलं कर्ज परत वाढतं ते बहुधा दवाखान्यामुळं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचारांचं संरक्षण आहे, आणि ते फक्त योजनेत असलेल्या रुग्णालयातच मिळतं. आपल्या तालुक्याजवळचं असं रुग्णालय कोणतं हे आजारी पडायच्या आधी विचारून वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. तिथं गेल्यावर पैसे भरायच्या आधी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, भेटायचं, रेशन कार्ड आणि आधार बरोबर न्यायचं. वर्षाला २० रुपयांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांचा जीवन ज्योती विमा, दोन्हींत दोन लाखांचं संरक्षण, बँकेतून सुरू करा. वर्ष १ जूनला सुरू होतं. मे अखेर खात्यात शिल्लक नसेल तर विमा गुपचूप बंद पडतो, आणि ते कळतं नको त्या वेळी.

कुठं घसरतं

पहिलं कर्ज फिटल्याच्या महिन्यात. हात मोकळा वाटतो आणि हप्त्यावर मोबाईल किंवा फ्रीज घरात येतो. दुसरं, पतसंस्थेत ठेव असताना बाहेर २४ टक्क्यांचं कर्ज ठेवणं. ठेव मोडून कर्ज फेडलं तर दोन दरांतला फरक लगेच वाचतो. शिवाय बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. तिसरं, घरातल्या एकानंच काटकसर करणं. चहा, तंबाखू, गाडी यांचे वीस-तीस रुपये रोज जात असतील तर वीस रुपयांचेही वर्षाला ७,३०० होतात. तो खर्च ज्याचा आहे त्यानं स्वतःच्या हातानं वहीत लिहावा, दुसऱ्यानं नाही.

शेवटचा हप्ता भरल्यावर

काम इथं संपत नाही. बँकेकडून किंवा संस्थेकडून बेबाकीचा दाखला घ्या. बँकेनं किंवा फायनान्स कंपनीनं मालमत्तेची मूळ कागदपत्रं कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत द्यायची असतात. तिच्याकडून उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई देय होते. हातउसन्यासाठी दिलेले चेक आणि कागद समोरासमोर परत घ्या आणि चेकचे नंबर वहीत खोडा. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' रकान्यात बोजा चढलेला असेल तर तो पैसे भरल्यानं आपोआप उतरत नाही. दाखला आणि बोजा कमी करण्याचं पत्र घेऊन तलाठी कार्यालयात अर्ज द्या, फेरफार मंजूर झाला का ते विचारा आणि महिन्याभरानं नवा उतारा काढून तो रकाना स्वतः वाचा.